सेकंड हँड गेमिंग पीसी घेताय? भाव तोंडाने नाही, तपासणीने कमी होतो

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा. आपल्या जिल्ह्यात कुठेही राहत असाल, तरी गेमिंग पीसी घ्यायचा म्हटलं की पर्याय मोजकेच दिसतात. नवीन घ्यायचा तर अकोला किंवा नागपूर गाठा, नाहीतर ऑनलाईन मागवा. बजेट कमी असेल तर सेकंड हँड. आणि सेकंड हँड म्हणजे बहुतेक वेळा दुकानदार नसतो, तुमच्यासारखाच एखादा मुलगा असतो. तो शिकायला पुण्याला चाललेला असतो, किंवा त्याला लॅपटॉप घ्यायचा असतो, म्हणून पीसी विकायला काढलेला असतो.

अशा खाजगी व्यवहारात 'आवडला नाही तर परत' हा प्रकार नसतो. पैसे दिले, विषय संपला. तीस-चाळीस हजार रुपये ही आपल्याकडे कॉलेजच्या पोरासाठी छोटी रक्कम नाही. कोणाची ती पार्ट टाईम कामाची कमाई असते, कोणाच्या घरी सोयाबीन विकून आलेल्या पैशातून काढून दिलेली असते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे नात्यातली आणि गावाकडची पोरं 'दादा, हा पीसी घेऊ का?' असं विचारत असतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो.

बहुतेक जण विक्रेत्याला पहिला मेसेज काय करतात? 'लास्ट किती?' यावर त्याला काहीही सांगता येतं, आणि तो जे सांगेल त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

त्यापेक्षा बाजार समितीत सोयाबीनचा भाव कसा ठरतो ते आठवा. 'माल बरा वाटत नाही' असं म्हणून व्यापाऱ्याचं काम भागत नाही. मीटरवर ओलावा मोजतात. सरकारी खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा. काडीकचरा किती, माती किती, तेही बघतात. आकडा समोर आला की बोलणं त्या आकड्यावर होतं. पीसीचंही तसंच आहे. तुम्ही आकडे घेऊन गेलात तर घासाघीस निम्मी होऊन जाते.

घरून निघण्याआधी: पार्टची यादी

विक्रेत्याकडून आधी प्रत्येक पार्टचं पूर्ण नाव मागा: प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस. 'आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स' एवढ्यावर भाव ठरत नाही. का, ते बघा.

आय७ म्हणजे कितव्या पिढीचा? आय७-३७७० हा प्रोसेसर २०१२ चा आहे. ऑफिसांतून निघालेले असे जुने डबे नवीन कॅबिनेटमध्ये घालून, रंगीत एलईडी पंखे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात. २०२२ चा साधा आय३-१२१०० त्यापेक्षा वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढे चालतं, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे त्याहून जुना पीसी असेल तर भाव आपोआप खाली यायला हवा.

'४ जीबी ग्राफिक्स' हा दुसरा सापळा. २०१४ चं जीटी ७३० कार्डही ४ जीबीत मिळायचं आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० पण ४ जीबीचंच. दोघांच्या गेमिंगमध्ये मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीबी बघू नका, मॉडेल बघा. आरएक्स ५८० असेल तर नावाच्या शेवटी '२०४८एसपी' आहे का तेही बघा. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर असतात, यात २०४८. नाव तेच, माल कमी.

नावं मिळाली की प्रत्येक पार्टची आजची नवीन किंमत आणि सेकंड हँड जाहिरातींतले भाव बघा, आणि बेरीज करा. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांनाच खरी किंमत असते. कॅबिनेट आणि दिव्यांच्या पंख्यांना परत विकताना फारसं कोणी विचारत नाही.

इथे विक्रेता हमखास म्हणतो, 'मला तर ८० हजारांना पडला होता.' पडला असेलही. २०२१ मध्ये चिपचा तुटवडा होता, वर क्रिप्टो मायनिंगवाले कार्डं उचलत होते. तेव्हा ग्राफिक्स कार्डं छापील किमतीपेक्षा कितीतरी जास्त दराने विकली गेली. त्याने तेव्हा जास्त दिले याचं वाईट वाटू शकतं, पण तो फरक तुम्ही भरायचा नसतो. भाव आजचा.

बेरीज झाली की तीन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा: तुमच्या मते योग्य भाव, तुमची पहिली ऑफर, आणि वरची मर्यादा. मर्यादा घरी ठरवा. समोर गेम चालू असताना, पंखे चमकत असताना ठरवलेली मर्यादा नेहमी वर सरकते.

तिथे गेल्यावर: पाऊण तासाची तपासणी

दिवसा जा, कोणाला तरी सोबत न्या. पेनड्राईव्हमध्ये चार मोफत सॉफ्टवेअर टाकून न्या: सीपीयू-झेड, जीपीयू-झेड, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि एचडब्ल्यूइन्फो. तुम्ही पोचाल तेव्हा पीसी बंद असू दे असं आधीच सांगा. थंड मशीन पहिल्या झटक्यात चालू होते का, हे बघायचं असतं.

१. सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेडमध्ये पार्टची नावं जाहिरातीशी जुळवा. जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेलं बनावट कार्ड ओळखू आलं, तर जीपीयू-झेड नावाआधी 'फेक' असं दाखवतं.

२. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची हेल्थ आणि 'पॉवर ऑन अवर्स' बघा. 'एकच वर्ष वापरला' म्हणतोय आणि तास ९,००० दिसतायत? रोज ८ तास धरले तरी ते तीन वर्षं होतात. भांडू नका, फक्त स्क्रीन दाखवून विचारा.

३. एखादा जड गेम किंवा फरमार्कसारखी टेस्ट वीस मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा. स्क्रीनवर ठिपके, रेषा, अचानक रिस्टार्ट यातलं काही दिसलं तर भाव बोलायचाच नाही, निघायचं.

४. कार्डाचे सगळे डिस्प्ले पोर्ट, सगळे यूएसबी पोर्ट, ऑडिओ जॅक लावून बघा.

५. कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसचं लेबल वाचा. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॅटपर्यंत घेतं आणि एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तिथे बिननावाचा लोकल एसएमपीएस असेल तर ते भावात यायला हवं. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात तर जास्तच.

तापमानाबद्दल आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवा. डिसेंबरच्या संध्याकाळी खोली २५ अंशांवर असते, मे महिन्यात तीच खोली ४० वर जाते. खोली १५ अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढंच जास्त तापतं. हिवाळ्यात ८२ अंश दाखवणारं कार्ड उन्हाळ्यात स्वतःला वाचवायला वेग कमी करणार, म्हणजे ऐन सुट्टीत गेम अडकणार. धूळ साफ करून, थर्मल पेस्ट बदलून बऱ्याचदा फरक पडतो, पण तो खर्च आणि खटाटोप तुमचा असतो. तोही बोलण्यात आणा.

मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड ओळखायची खात्रीची टेस्ट नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तशी कार्डं सेकंड हँड बाजारात आली. अशा कार्डाचे पंखे आणि थर्मल पॅड आधी थकतात. म्हणून कान लावा: पंखा घरघरतोय का? नावापेक्षा अवस्था बघा.

आता बोलणी

कारंज्याकडच्या एका मुलाकडून माझ्या मामेभावासाठी पीसी घेतला, त्याचा हिशोब सांगतो. भाव त्या दिवशीचे आहेत, तुम्ही तुमच्या दिवशीचे बघा. पीसीत रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० १२ जीबी, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एसएसडी. मागणी ४५,०००.

घरी केलेली बेरीज अशी होती: कार्ड १७,०००, प्रोसेसर आणि बोर्ड ११,०००, रॅम ६,०००, एसएसडी २,५००, एसएमपीएस ब्रँडेड असेल असं धरून २,५००, कॅबिनेट १,०००. एकूण ४०,०००.

तपासणीत दोन गोष्टी निघाल्या. एसएमपीएस लोकल होता, आणि कार्डाचा एक पंखा आवाज करत होता. पंखा बदलायचा खर्च १,२०० धरला. एसएमपीएसचे मात्र मी २,५०० च वजा केले. नवीन चार हजारांना येणार होता, पण नवीन वस्तू आपल्याकडेच राहणार. त्याचा पूर्ण खर्च विक्रेत्यावर टाकणं बरोबर नाही, आणि असं केलं की समोरचा आपलं बाकीचं बोलणंही ऐकत नाही. ४०,००० मधून ३,७०० गेले, उरले ३६,३००. ही आमची नवी मर्यादा.

'दादा, ४५ सांगितले, तुमच्यासाठी ४२.'

'मी ३४ म्हणतोय. का ते दाखवतो, मग तू सांग.' मोबाईलमधली यादी त्याच्यासमोर धरली.

'काहून इतके कमी? रॅम किती महागली, पाहा तं खरं.'

त्याचं खरं होतं. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर चढले. 'म्हणूनच रॅमचे सहा हजार धरलेत,' मी म्हटलं. 'हा पंखा ऐक. आणि हा एसएमपीएस तू स्वतः ३०६० ला लावशील का?'

तो हसला. '३९.'

मी गप्प राहिलो. ही साधी गोष्ट, पण बहुतेकांना जमत नाही. समोरच्याने आकडा टाकला की घाईने आपला वाढवू नका. थोड्या वेळाने म्हटलं, '३६ आत्ता देतो. कीबोर्ड-माऊस पण दे, पुण्याला तू लॅपटॉपच नेणार ना?' त्याने घरात विचारलं आणि हो म्हणाला.

शेवटचे हजार-दोन हजार अडले की पैशाऐवजी वस्तू मागून बघा: कीबोर्ड, हेडफोन, वायफाय अडॅप्टर, जास्तीची हार्ड डिस्क. विक्रेत्यासाठी ती अडगळ असते, तुम्हाला मात्र विकत घ्यावी लागणार असते.

खोटं बोलून भाव पाडू नका. 'दुसरा तीसला देतोय' असं उगाच सांगितलं तर 'मग तिथूनच घ्या' हे उत्तर तयार असतं. शिवाय जिल्हा लहान आहे. उद्या काही अडचण आली तर फोन त्यालाच करायचा आहे.

पैसे देताना

पीसी बघायच्या आधी टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका. 'मी आर्मीत आहे, बदली झाली, क्यूआर पाठवतो' हा जुना फसवणुकीचा प्रकार आहे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे तुमचेच पैसे चालले. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, उशीर करू नका.

पैसे शक्यतो यूपीआयनेच द्या, म्हणजे नोंद राहते. मूळ बिल मागा. वॉरंटी शिल्लक असेल तर बिलामुळे भाव थोडा जास्त दिला तरी चालतो. बिल नसेल तर साध्या कागदावर तारीख, रक्कम, पार्टची नावं, सिरीयल नंबर आणि दोघांच्या सह्या घ्या. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय घ्यायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. त्यामुळे भाव संशय यावा इतका कमी असेल आणि बिलाचं नाव काढताच समोरचा चिडत असेल, तर खुश होऊ नका, परत या. त्याच्या समोरच विंडोजमधून त्याचं अकाउंट काढून पीसी रिसेट करून घ्या.

एसटीने आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळा. आपल्या रस्त्यांवर जड कार्ड स्लॉटला लटकत आणलं तर स्लॉट तुटू शकतो. कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्डची बाजू खाली.

आणि भाव जमला नाही तर? 'बरं, विचार करा, जमलं तर फोन करा' म्हणा, नंबर द्या आणि निघा. सेकंड हँड पीसीचा भाव दिवसेंदिवस उतरतो, आणि पुण्याला जायची तारीख जवळ येते ती विकणाऱ्याची. तुमची नाही.