दिवाणखान्यातील अत्याचार आणि दिवाणखान्यातील प्रेक्षक : मालिकेच्या रूपबंधाविषयी काही निरीक्षणे

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या द्वारका उपनगरात, दहाव्या सेक्टरमध्ये, जिल्हा न्यायालयाचे संकुल आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याखालील अर्ज अशाच न्यायालयांत येतात. कायद्याने हिंसाचाराचे चार प्रकार मानले आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. घटनेच्या अहवालाचा नमुनाही ठरवून दिलेला आहे. त्यात घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि कृत्य करणाऱ्या व्यक्तीचे नाव भरावे लागते. थप्पड या रकान्यांत बसते. परंतु वीस वर्षे रोज जेवणाच्या ताटावर झालेल्या अवहेलनेची तारीख कोणती लिहावयाची?

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न कायद्याइतकाच रूपबंधाचाही वाटेल. जे घटनेत मावत नाही, साचत जाते, ते कोणत्या कथनप्रकारात मावते? दैनंदिन मालिका हा तसा प्रकार असू शकतो, असे येथे मांडावयाचे आहे. मात्र ज्या गुणामुळे तो तसा आहे, त्याच गुणामुळे तो अत्याचाराचा सोबतीही होतो.

मराठी वाचकाच्या मनात या विषयासंबंधी प्रथम तेंडुलकर येतात. ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा साडीवरील रक्ताच्या डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. घरातली हिंसा चालू शकत होती, तिचा डाग दिसणे चालत नव्हते. ‘कन्यादान’मध्ये (१९८३) मारहाण प्रामुख्याने रंगमंचाबाहेर घडते आणि तिचा परिणाम समाजवादी बापाच्या बैठकीत येऊन उभा राहतो. या नाटकातील दलित तरुणाच्या चित्रणावर झालेले आक्षेप गंभीर आहेत, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की नाटकाचा प्रेक्षक घर सोडून नाट्यगृहात जातो आणि दोन-अडीच तासांत मोकळा होतो. दिल्लीच्या पंजाबी कुटुंबावरचा मीरा नायर यांचा ‘मान्सून वेडिंग’ (२००१) हा चित्रपटही असाच. लहानपणी नातेवाईकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी रिया बोलते आणि कुटुंबप्रमुख अखेर त्या प्रतिष्ठित, उपकारकर्त्या नातेवाईकाला लग्नघरातून निघून जायला सांगतो. निर्णय होतो, कारण चित्रपट संपावयाचा असतो.

मालिकेला संपावयाचे नसते, आणि ती जेथे पाहिली जाते ती जागा बहुधा अत्याचाराचीही जागा असते. सोसणारी, सोसायला लावणारा आणि ते पाहून गप्प राहणारे सारे एकाच सोफ्यावर बसलेले असू शकतात. अन्य कोणत्याही कलाप्रकाराला असा प्रेक्षकवर्ग लाभलेला नाही.

याचे पहिले मोठे उदाहरण दूरदर्शनवरील ‘हम लोग’ हे होय (१९८४-८५). मनोहर श्याम जोशी यांची संहिता, पी. कुमार वासुदेव यांचे दिग्दर्शन आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोक कुमार यांचे निरूपण. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या बोधप्रधान मालिकांचा आदर्श तिच्यामागे होता. दारुडा बसेसर राम आणि त्याची मुकाट सोसणारी पत्नी भगवंती ही त्यातील जोडी. भगवंती ‘असे होऊ नये’ हे सांगण्यासाठी रचली गेली होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात मात्र असे आढळले की अनेक प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, तिलाच अनुकरणीय मानले. अशोक कुमार भाग संपल्यावर थोडाच वेळ बोलत, भगवंती मात्र सतरा महिने सोसत राहिली. निरूपणापेक्षा आवर्तन प्रबळ ठरले. सीता-सावित्रीच्या आख्यानांवर वाढलेल्या प्रेक्षकाने तिला कोणत्या परंपरेत वाचले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

उलट बाजूही आहे. ब्रिटिश नभोवाणीवर १९५१ पासून चाललेल्या ‘द आर्चर्स’ या मालिकेत हेलन आणि रॉब यांचे कथानक दोन वर्षांहून अधिक काळ उलगडत गेले. एप्रिल २०१६ मध्ये हेलनने रॉबवर सुरी चालवली. तत्पूर्वीचा बहुतेक काळ तिने काय नेसावे, कोणाला भेटावे, काय आठवावे, हे ठरवण्यात गेला होता. एकेक प्रसंग सुटा ऐकला तर नवऱ्याची काळजीच वाटावी. इंग्लंडमध्ये असे नियंत्रण स्वतंत्र गुन्हा म्हणून डिसेंबर २०१५ पासून कायद्यात आले. नेमक्या त्याच काळात श्रोत्यांनी ते महिनोन्‌महिने कानांनी अनुभवले होते. जे अहवालाच्या रकान्यात भरता येत नाही ते येथे भरले.

मराठीतील अलीकडचा दाखला ‘आई कुठे काय करते’चा (स्टार प्रवाह, डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४). मूळ बंगाली ‘श्रीमयी’ (२०१९) लीना गंगोपाध्याय यांची. त्या पश्चिम बंगाल महिला आयोगाच्या अध्यक्षही राहिल्या आहेत. हिंदीत त्याच बीजातून २०२० मध्ये ‘अनुपमा’ आली. अरुंधतीला अनिरुद्ध मारत नाही. तो तिला कमी लेखतो, आणि घर त्याला सरावलेले असते. मराठी शीर्षकातले ‘कुठे काय’ हे आपल्याकडचे इतके सवयीचे वाक्य आहे की त्यातली हेटाळणी ऐकू येण्यासाठी शेकडो भाग लागले. कायद्यातील ‘शाब्दिक व भावनिक’ या शब्दांना मराठी घराचा आवाज मिळाला तो येथे, असे मला वाटते.

तथापि घटस्फोटानंतरही कथा पुन्हा पुन्हा देशमुखांच्या ‘समृद्धी’ बंगल्याकडे वळत राहिली. हे केवळ नेपथ्य उभारण्याच्या खर्चाचे कारण नव्हे. आपल्याकडे स्त्रीचे भांडण अनेकदा घराशी असते आणि घरासाठीही असते. सामायिक निवासाची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बत्रा खटल्यात संकुचित केली : सासूच्या मालकीच्या घरावर सुनेचा हक्क नाही. २०२० मध्ये आहुजा खटल्यात ती व्याख्या मोडीत निघाली. दोन्ही खटले दिल्लीतले. ‘हम लोग’ लागत असे तेव्हा द्वारकेच्या जागी पप्पनकलानच्या परिसरातील शेते होती. आज तेथे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आहेत, आणि सदनिका कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्या प्रत्येक दिवाणखान्यात हजर असतो. मालिकांत तो फार कमी ऐकू येतो. अरुंधतीचा अपमान रंगतो, घराच्या कागदांवर कोणाचे नाव आहे हे तितके रंगत नाही.

शेवटी मदतीच्या क्रमांकाविषयी. ब्रिटनमध्ये अशा भागानंतर साहाय्य-क्रमांक देण्याची रीत आहे. दिल्लीत १८१ हा क्रमांक २०१२ च्या अखेरीस सुरू झाला. पण शेजारी नवरा बसलेला असताना तो टिपून घेणार कोण? आता पुष्कळ स्त्रिया मालिका मोबाईलवर, दुपारी, एकट्याने पाहतात. त्यांना तो टिपता येईल. मात्र तो भाग सासूने आणि मुलाने तिच्यासोबत बसून पाहिलेला नसेल.