भाकरीशिवाय भरीत

कमी कर्बोदकांचे, कच्च्या भाज्या बुडवून खाण्याजोगे डिप घरी करायचे तर वांग्याचे खानदेशी भरीत सर्वांत सोयीचे. सुरतेच्या दक्षिणेला सचिनची औद्योगिक वसाहत आहे. तिथे आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशशी त्यांचे येणेजाणे चालू असते आणि थंडी पडली की घरोघरी भरताचा बेत होतो.

भरताचे वांगे मोठे, फिकट हिरवे, पांढरट रेघांचे असते. यावल तालुक्यातील बामणोद त्यासाठी प्रसिद्ध आहे. 2016 मध्ये जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. 100 ग्रॅम कच्च्या वांग्यात 90 टक्क्यांहून अधिक पाणी आणि सुमारे 6 ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांतला जवळपास निम्मा भाग न पचणाऱ्या तंतूंचा. उलट 50 ग्रॅम बाजरीच्या पिठात 30 ग्रॅमांहून अधिक कर्बोदके भरतात. भरीत मुळातच हलके आहे. पानात भर पडते ती सोबतच्या पुरी-भाकरीने.

चार जणांसाठी अर्धा किलो वांगी पुरतात. आकाराच्या मानाने हलके, तुकतुकीत सालीचे वांगे घ्यावे. जड वांग्यात बहुधा बिया जास्त निघतात. शेतात ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. घरी सालीला तेलाचे बोट लावून, सुरीने दोन-तीन टोचे मारून मंद गॅसवर फिरवत भाजावे. देठाजवळचा भाग शेवटी शिजतो. तिथे सुरी अलगद शिरली की वांगे झाले. साल हाताने काढावी, नळाखाली धुऊ नये. धुरकट चव पाण्याबरोबर निघून जाते. मग गर पंधरा मिनिटे चाळणीत निथळत ठेवावा. नेहमीच्या भरताला हे केले नाही तरी चालते, डिपला मात्र करायलाच हवे, नाहीतर ते काकडीवर टिकत नाही.

भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ ठेचून त्यात गर घालावा. खानदेशात त्यासाठी लाकडी बडगी वापरतात. मिक्सर टाळलेला बरा, कारण गराचे रेशे तुटून त्याची खीर होते. दोन चमचे तेलात मूठभर शेंगदाणे परतून, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून हे मिसळावे. पूर्ण गार झाल्यावर 100 ग्रॅम चक्का घालावा. गरम गरात तो फुटतो. लेबनॉन-सीरियाकडच्या बाबा गनूशमध्येही भाजलेल्या वांग्याचाच गर असतो, चक्क्याऐवजी तिळाची पेस्ट पडते. सुरती हाताला भाजीत चिमूटभर साखर घालायची सवय असते, इथे ती घालू नये.

सोबत काकडी, मुळा, सिमला मिरची किंवा कोबीची कुरकुरीत पाने द्यावीत. गाजर बेतानेच. खाकरा किंवा बटाट्याचे वेफर्स ठेवले तर सगळा हेतूच बुडाला.

उरलेले डिप फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र भाकरी-भात एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे. औषध तेवढेच राहिले आणि कर्बोदके अचानक घटली तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते.