छातीत धडधड, कारण मोबाइलमध्ये

दहावीतला मुलगा. छातीत धडधड, झोप नाही, जेवणावरची वासना उडालेली. ईसीजी, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आईला बाहेर बसवलं, तेव्हा तो रडला. ऑनलाइन ओळखीच्या ‘मैत्रिणी’ला पाठवलेला फोटो पसरवण्याची धमकी देऊन कोणीतरी पैसे उकळत होतं. त्याने दोनदा दिले. मागणी अर्थातच वाढली. घरी का नाही सांगितलंस? “फोन काढून घेतील.”

मुलांना आपण पासवर्ड जपायला शिकवतो, फसल्यावर काय करायचं ते नाही. पैसे देणं थांबवायचं. घाबरून मुलं आधी चॅट डिलीट करतात आणि पुरावाच जातो; म्हणून चॅट, नंबर, व्यवहाराची नोंद जपायची, मगच ब्लॉक करायचं. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन. वेळेत कळवलं तर रक्कम गोठवता येऊ शकते. मन खचलं असेल तर टेलि-मानस, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.

आईला आत बोलावलं. ती रागावली नाही, फक्त त्याच्या शेजारी सरकून बसली. धडधड थांबायला तीन आठवडे लागले, औषधाशिवाय.