लेन्स हप्त्यावर, नजर फुकट!

थंडीतल्या रविवारी सकाळी शिवडी बंदरावर कधी गेला आहात? नसाल तर काय दिसतं ते सांगते. आधी चिखल दिसतो. चिखलापलीकडे एक गुलाबी रेघ दिसते, ते फ्लेमिंगो. आणि अलीकडे, काठावर, तोफखाना लावल्यासारख्या एका रांगेत उभ्या असतात लेन्स. पांढऱ्या, काळ्या, कॅमोफ्लाज कापड गुंडाळलेल्या. एकेकीची लांबी माझ्या हाताएवढी.

तो तोफखाना बघून मला जे वाटायचं, तेच तुम्हालाही वाटत असेल. आपल्याकडे हे कधी येणार?

मी लोअर परळला राहते, वय २२, मास कम्युनिकेशन करून सध्या इंटर्नशिप चालू आहे. स्टायपेंड किती ते विचारू नका. तरीही या डिसेंबरात मी एका लेन्ससाठी ईएमआय काढायला निघाले होते. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सगळं बसवलंही होतं. शनिवार-रविवारी मॉलमध्ये प्रमोशनची कामं घ्यायची, त्यातून हप्ता सुटला असता. मग लक्षात आलं, पक्षी बघायला मोकळा असलेला एकमेव दिवस रविवार, आणि तोच मी लेन्ससाठी विकायला काढला होता.

तो ईएमआय मी घेतला नाही. का, ते सांगते.

गिअरचा ताप

पक्ष्यांच्या फोटोग्राफीचं गणित माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. मिररलेस कॅमेऱ्यासाठी ६०० एमएमपर्यंत जाणारी झूम लेन्स नवी घ्यायची, तर लाख-दीड लाखाच्या पुढेच बात. बॉडी वेगळी. व्यावसायिक फोटोग्राफरच्या हातात दिसते ती ६०० एमएम एफ/४ लेन्स दहा लाखांच्याही वर जाते. मग ट्रायपॉड आला, त्यावरचं खास हेड आलं, चिखलाच्या रंगाचं जॅकेट आलं. आता तर पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस धरणारे कॅमेरे आलेत. दरवर्षी नवं मॉडेल येतं आणि आपलं जुनं अचानक ‘चालत नाही’ असं वाटायला लागतं.

हा ताप फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटी टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. त्यातलं मूळ कौशल्य साधं आहे. मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलवायचं आणि तो येईपर्यंत झाडाला टेकून अजिबात हलायचं नाही. आवाज काढायला लाकडी डबीसारखं एक छोटं साधन पुरतं. पण आज तिथल्या दुकानांत टंगस्टनच्या छऱ्यांची महागडी काडतुसं मिळतात, खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या नकली टर्की मिळतात, डोक्यापासून पायापर्यंत झाडाच्या सालीची छपाई असलेले कपडे मिळतात. सामान वाढलं, पण शिकारी तयार झाले का, हा वाद तिथेही आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची हौस संपली. बंदूक गेली, कॅमेरा आला. क्रियापद मात्र तेच राहिलं, ‘शूट’!

‘आज तिथी कोणती?’

माझा एक मित्र लेन्स भाड्याने घेतो. एका रविवारी आम्ही दोघांनी पैसे काढून मोठी लेन्स आणली, दिवसभरासाठी. उशिरा उठलो, टॅक्सीने शिवडीला पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. पाणी पार आत गेलेलं. समोर नुसता चिखल आणि खूप लांब, उन्हात थरथरणारे गुलाबी ठिपके. मित्राने तीनशे फोटो काढले. घरी येऊन झूम केलं तर तीनशे गुलाबी डाग. भाडं गेलं ते गेलंच.

निघताना तिथे जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना विचारलं, ‘पक्षी जवळ कधी येतात हो?’ त्यांनी उलट विचारलं, ‘आज तिथी कोणती?’

आम्ही दोघं गप्प. मोबाइलवर बघितलं, अष्टमी. काका म्हणाले, ‘मग दुपारी ओहोटी असणारच की!’

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब तुम्हीही पाठ करा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाज चुकत नाही.

फ्लेमिंगो चिखलात चरतात. चोच उलटी करून पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव खातात. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, तसे तेही दूर पसरतात. भरती चढायला लागली की पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणतं. तुम्हाला फक्त आधी जाऊन उभं राहायचं असतं.

पुढच्याच रविवारी पौर्णिमा होती. मी नऊच्या आधी पोचले, या वेळी कॉलेजच्या नेचर क्लबची जुनी दुर्बीण घेऊन. पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग पाणी हळूहळू चढलं आणि ती गुलाबी रेघ पक्ष्यांत बदलत गेली. मान दिसायला लागली, मग पाय, मग चोच. चोच दिसल्यावर कळलं की समोर एक नाही, दोन जातींचे पक्षी आहेत. ज्याची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी, तो मोठा फ्लेमिंगो. ज्याची चोच गडद, लांबून काळपटच वाटणारी, तो लहान फ्लेमिंगो. मराठीत यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. आधीच्या रविवारच्या तीनशे फोटोंत ही गोष्ट आम्हाला कळलीच नव्हती.

खेतवाडीतला एअरगनवाला मुलगा

लोअर परळहून चर्चगेट लोकल पकडा, चर्नी रोडला उतरा, चालत खेतवाडीत पोचाल. भारतातल्या सगळ्यात मोठ्या पक्षितज्ज्ञाचं लहानपण याच भागात गेलं. सलीम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६.

त्यांची सुरुवात शिकारीपासूनच झाली. मामांच्या घरी वाढणारा हा मुलगा एअरगनने चिमण्या मारायचा. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कसली चिमणी? मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे बीएनएचएसचे सदस्य. त्यांनी भाच्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनी ती पीतकंठी चिमणी ओळखलीच, शिवाय कपाटं उघडून जपून ठेवलेले पक्षी दाखवले. त्या चिमणीचं नाव पुढे त्यांच्या आत्मचरित्राच्या शीर्षकात आलं, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’.

ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. त्याच्या पुढची क्वचित सांगितली जाते. १९३० च्या सुमारास सलीम अलींकडे नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. तिच्यासमोर ते तासन्‌तास बसले आणि नोंदी केल्या. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर दुसरं घरटं विणायला घेतो दुसऱ्या मादीसाठी! सुगरणीच्या संसाराचं हे गणित नोकरी नसलेल्या एका माणसाने, एका जागी बसून सोडवलं.

हाकेला ओ

आणखी एक उदाहरण फासेपारधी समाजाचं. बंदूक नाही, फक्त दोरीचे फासे आणि गळ्यातला आवाज. तित्तिराची हाक हुबेहूब काढायची, गाय-बैलाच्या आडून सरकायचं, कुठल्या गवतात कोण लपलंय ते चालीवरून ओळखायचं. इंग्रजी राजवटीने पारध्यांवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, लोकांच्या मनातला शिक्का पूर्ण पुसला नाही. शिकारीला परत जायचं असं कुणी म्हणत नाही. पण माळरानावरच्या पक्ष्यांबद्दल या लोकांना जे माहीत आहे, ते कुठल्याही कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

मारुती चितमपल्लींना हे नीट कळलं होतं. वनाधिकारी म्हणून नोकरी करताना ते जंगलातल्या लोकांकडून पक्ष्यांची नावं, सवयी, आवाज गोळा करत राहिले आणि मराठीला ‘पक्षिकोश’ मिळाला. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा, सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा. म्हणूनच महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो.

पैसे टाकले की घाई येते

आता थोडं कडू. मी शिवडीला बघितलंय, चरत असलेला थवा उडावा म्हणून लोक टाळ्या वाजवतात. कारण ‘फ्लाइट शॉट’ हवा असतो. जंगलात मोबाइलवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला पुन्हा पुन्हा बोलावतात. बिचाऱ्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर आलाय. तो खाणं, घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतो आणि आपल्याला शार्प फोटो मिळतो.

असं करणारी सगळी माणसं वाईट नसतात. पण लाखभर रुपये टाकले की दर रविवारी काहीतरी ‘मिळायलाच’ हवं असं वाटतं. वाट बघणं म्हणजे नुकसान वाटतं. हप्ता भरणाऱ्याला रिकाम्या हाताने परत जाणं परवडत नाही. पक्षी बघण्यात तर निम्म्या वेळा रिकाम्या हातानेच परतायचं असतं.

मग काहीच घ्यायचं नाही?

असं अजिबात नाही. चांगल्या साधनाने फरक पडतो, नाही म्हणणं खोटेपणा होईल. क्लबच्या दुर्बिणीशिवाय मला त्या चोची दिसल्या नसत्या. तुम्हाला फोटोग्राफीतच करिअर करायचं असेल, तर लेन्स ही तुमची गुंतवणूक आहे, जरूर घ्या. फक्त क्रम उलटा करू नका. आधी पक्षी कुठे, कधी, का येतो ते कळू दे. मग कुठली लेन्स हवी ते आपोआप कळेल. कदाचित कुठलीच नको, हेही कळेल.

माझ्या घराजवळ एका जुन्या मिलच्या आवारात पिंपळ आहे. तिथून रोज सकाळी ‘टुक, टुक, टुक’ असा आवाज यायचा. लोअर परळमध्ये आवाजांना काय तोटा? शेजारी टॉवरचं काम चालू आहे, मला वर्षानुवर्षं तो ठोकाठोकीचाच आवाज वाटत होता. शिवडीहून आल्यावर पहिल्यांदा नीट ऐकलं. कामगार यायच्या आधीही तो चालू होता! रोज दहा मिनिटं गॅलरीत उभी राहू लागले. अकराव्या दिवशी तो दिसला. सगळ्यात उंच, पानं नसलेल्या फांदीवर, चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून हे नाव.

माझ्याकडे त्याचा फोटो नाही. पण आता तो आवाज आला की मान आपोआप वर जाते.

या रविवारी सुरुवात करा

• घराजवळचं एक झाड निवडा. रोज दहा मिनिटं, एकाच वेळी, पंधरा दिवस. दिसेल ते वहीत लिहा. वेळ, आवाज, काय करत होता.

• ‘मर्लिन’ हे ॲप फुकट आहे, आवाजावरून पक्षी सुचवतं. रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये ते गोंधळतं, म्हणून पहाटे वापरा. त्याचं उत्तर डोळ्यांनी तपासा.

• दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. कॉलेजच्या नेचर क्लबकडे विचारा. घ्यायचीच तर ८×४० पासून सुरुवात करा.

• शिवडीला जाण्याआधी तिथी बघा, पाऊणपट करा, भरतीच्या दोन-अडीच तास आधी पोचा. पक्ष्यांना उडवू नका.

• फेब्रुवारीत ‘कॅम्पस बर्ड काउंट’ असतो. तुमच्या कॉलेजच्या आवारातले पक्षी मोजा आणि नोंद करा. कॅमेरा लागत नाही.

• फोर्टमध्ये बीएनएचएसचं हॉर्नबिल हाउस आहे. एकदा जाऊन या. पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन एक मुलगा याच संस्थेच्या दारात गेला होता.