एकशे बारा नंबरची खोली

महामार्गाकडेच्या लॉजमध्ये पहिल्या मजल्यावरच्या खोल्यांना बहुधा 101 पासून नंबर पडतात आणि बऱ्याच ठिकाणी तोच खोलीतल्या इंटरकॉमचाही नंबर असतो. आता जुळवून बघा. 101 म्हणजे अग्निशमन दल, 108 म्हणजे रुग्णवाहिका, 112 म्हणजे सगळ्यांना मिळून एक. मध्यरात्री छातीत कळ आलेल्या प्रवाशाने पलंगाशेजारचा फोन उचलून 108 लावला, तर चार दारं सोडून झोपलेला पाहुणा दचकून उठणार.

ही करामत काउंटरमागच्या ईपीबीएक्सची, म्हणजे लॉजमधले सगळे फोन जोडणाऱ्या पेटीची. आकडा आतला की बाहेरचा, हे ती पेटी पहिल्या अंकावरून ठरवते. बाहेरची लाइन हवी तर आधी शून्य दाबायचं, हे मुक्कामाला आलेल्या माणसाला कोण सांगणार?

अमेरिकेत यावर कायदा झाला, पण एक जीव गेल्यावर. डिसेंबर 2013 मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावच्या मोटेलमध्ये कॅरी हंट यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा 911, म्हणजे तिथला 112, फिरवला. फोन लागलाच नाही, कारण तिथे बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक 9 लागत होता. पोरीला शिकवलेला नंबर बरोबरच होता. कॅरीच्या नावाचा कायदा 2018 मध्ये झाला. 16 फेब्रुवारी 2020 नंतर बसवलेल्या यंत्रणांत 911 थेट लागलाच पाहिजे आणि फोन गेल्याची वर्दी काउंटरलाही मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. 2018 च्याच दुसऱ्या एका कायद्याने मजला आणि खोली कळवणंही आलं.

फोन लागला तरी 'कुठून?' हा प्रश्न उरतोच, आणि सातारा जिल्ह्यातल्या, महामार्गावरच्या उंब्रजमध्ये तो जरा जास्तच अवघड आहे. महाराष्ट्रात 112 चे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत उचलले जातात; 2014 मध्ये सुरू झालेल्या 108 चं केंद्र पुण्यात औंधला आहे. तिथल्या माणसाला उंब्रजचा तारळी-कृष्णेचा संगम कुठून ठाऊक असणार? साध्या लँडलाइनवरून फोन गेला तर 02164 हा कोडच कराड तालुका सांगतो. पण समजा, एखाद्या कंपनीची शाखा उंब्रजला, मुख्य कार्यालय पुण्यात आणि सगळे फोन इंटरनेटवरून पुण्याच्या लाइनवर जाऊन बाहेर पडताहेत. मग समोर नंबर दिसणार पुण्याचा. घाबरलेला कारकून म्हणणार, "उंब्रजमधून बोलतोय." आणि पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, दुसरं उंब्रज आहेच! नंबर आणि गाव दोन्ही जुळतात, फक्त जिल्हा चुकतो.

खिशात मोबाइल असताना हे दळण कशाला, असं कुणी म्हणेल. ते बरंचसं खरंही आहे. आपल्याकडे 112 ची मांडणी बरीचशी मोबाइल समोर ठेवूनच झाली, 2018 पासून नव्या हँडसेटमध्ये जीपीएस सक्तीचं केलं गेलं. पण जीपीएसला मजला नीट कळत नाही, आणि तळघरात किंवा जाड स्लॅबखाली त्याला आकाशच दिसत नाही. शिवाय धावपळीत हाताशी जो फोन असेल तोच माणूस उचलतो.

ईपीबीएक्स बसवणाऱ्याला 112 आणि 108 शून्याशिवाय बाहेर सोडायला सांगता येतं. त्याआधी खोल्यांचे नंबर 201 पासून टाकले की आकड्यांची टक्करच उरत नाही. केंद्राला आधी कळवून एकदा फोन लावून बघावा. आणि प्रत्येक फोनवर एक चिठ्ठी चिकटवावी: उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, इमारतीचं नाव, मजला. त्याखाली, महामार्गाची पुण्याकडे जाणारी बाजू की कोल्हापूरकडे जाणारी, तेही. मधल्या दुभाजकामुळे चुकीच्या बाजूने आलेल्या रुग्णवाहिकेला पुढे जाऊन वळून यावं लागतं.