गर्भ टिकला नाही, त्यात तिचा काय दोष?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग धडधडतात ते टॉवेल आणि चादरींसाठी. कांडी भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, लोंबणारे धागे कातरणं, घड्या घालून डझनाचे गठ्ठे बांधणं ही कामं बऱ्याच ठिकाणी बायकांकडे असतात. याच रस्त्याने पुढे कुंभारीत विडी कामगार महिलांची मोठी वसाहत आहे. अशा कष्टकरी घरात दिवस गेलेल्या एखादीचा गर्भ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडला, की पहिला प्रश्न तिलाच विचारतात: ‘‘काय जड उचललंस?’’ मग पपई, जिना, मशीनचं पायडल अशी तिची उलटतपासणी सुरू होते.

वैद्यकीय संशोधनाचं उत्तर वेगळं आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास, कदाचित त्याहून जास्त, गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. स्त्रीबीजं मुलीच्या जन्माआधीच तिच्या अंडाशयात तयार होऊन अर्ध्या विभाजनावर थांबलेली असतात. ते विभाजन पुढे सरकतं थेट बीज पक्व होताना, म्हणजे वीस-तीस-चाळीस वर्षांनी. इतक्या काळात गुणसूत्रांना धरून ठेवणारी यंत्रणा सैल होते, एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी जातं आणि तो गर्भ बहुतेकदा वाढूच शकत नाही. नॉर्वेत ४,२१,२०१ गर्भारपणांची नोंद तपासली, तेव्हा पंचविशी ते एकोणतिशीत गर्भपाताचं प्रमाण सुमारे १० टक्के निघालं. पंचेचाळिशीपुढे ते ५३ टक्क्यांवर गेलं. यात पपईचा काही संबंध नाही.

कामाचा संबंध मात्र अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. डेन्मार्कमधल्या २२,७४४ नोकरदार गर्भवतींच्या २०१९ च्या अभ्यासात, आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त दिसला. रोज खूप ओझी उचलण्याच्या कामाशीही थोडा वाढीव धोका काही अभ्यासांत जोडला गेला आहे. पण मग जाब पाळी लावणाऱ्याला विचारायचा, सुनेला नव्हे.

आणि एक गोष्ट आपल्या घरातलीच. मुंबईत गर्भवतींवर झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून जास्त आढळला. बाळांचं वजनही सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. सकाळी चुलीपाशी मिश्री लावणारी सासू सुनेला पपईपासून जपते, पण डबी तिच्याही हाती देते. ती सवय सोडवायला मदत करणं हा खरा उपचार आहे.

औषधांचं काय? गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या-इंजेक्शनं अनेकींना दिली जातात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी ४,१५३ रक्तस्राव होणाऱ्या गर्भवतींना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला प्रोजेस्टेरॉन, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारी निरौषध गोळी. कोणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. एकूण निकालात ३४ आठवड्यांनंतर जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण ७५ आणि ७२ टक्के. हा फरक ठोस मानण्याजोगा नव्हता. मात्र आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांत ते ७२ विरुद्ध ५७ टक्के निघालं. म्हणजे सरसकट सगळ्यांना देण्याचं हे औषध नाही, पण आधीचा गर्भपात आणि आताचा रक्तस्राव अशी जोडी असेल तर ते विचारात घेण्यासारखं आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही २०२१ मध्ये हेच आलं.

गर्भ राहावा म्हणून होणाऱ्या उपचारांतही हाच पुरावा मागायला हवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आता या तंत्राची, म्हणजे आयव्हीएफची, केंद्रं लहान शहरांतही आहेत आणि सोबत खर्चिक जोड-उपचारही. गर्भाशयाच्या अस्तराला मुद्दाम ओरखडा दिला तर गर्भ चांगला रुजतो, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. १,३६४ स्त्रियांवरच्या २०१९ च्या चाचणीत ओरखडा दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत २६.१ टक्के जणींनाच बाळ झालं. वेदना आणि पैसे मात्र एकाच गटाच्या वाट्याला आले.

म्हणून केंद्रात ‘यशाचं प्रमाण’ सांगितलं, की नीट विचारा: माझ्या वयाच्या किती जणींनी उपचार सुरू केले आणि किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचा आकडा नको, कारण त्यातल्या काहींचा गर्भ पुढे पडलेला असतो. यशाची शक्यता, फायदे-तोटे आणि खर्च सांगणं आयव्हीएफ केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने केंद्रावर बंधनकारक केलं आहे.

आणि गर्भपात झालाच, तर दुसऱ्या दिवशी मशीनवर बसू नका. पुराव्याचं प्रमाणपत्र दिलं की कायद्याच्या कक्षेतल्या कामगार महिलेला सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र मागून घ्या आणि कारखान्याच्या कार्यालयात अर्ज द्या.