कोकणची होडी, बालाघाटाचे पाणी

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात होडीचे काय काम, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे स्वाभाविक आहे. तथापि परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, लोहारा तालुक्यातील माकणीचे निम्न तेरणा, तेरजवळचे तेरणा आणि नळदुर्गनजीकचे बोरी अशी अनेक धरणे या जिल्ह्यात आहेत. राज्यातील बहुतेक जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीचे ठेके दिले जातात. जाळे टाकण्यासाठी अनेक ठिकाणी आजही थर्माकोलचा तराफा किंवा टायरची ट्यूब वापरली जाते. धरणाचे पाणी शांत दिसले तरी वादळात ते समुद्राइतकेच निर्दय होते. शेजारच्या उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जणांचा बळी गेला. म्हणूनच होडी घ्यायची तर ती नीट पारखून घेतली पाहिजे.

या भागाचा समुद्राशी संबंध नवा नाही. आजचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून बिकट मार्गाने भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेव्हा माल येथून समुद्राकडे जाई. आज होडी समुद्राकडून येथे येते. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, मिरज, मंगळवेढा, सोलापूर आणि तुळजापूर असा हा सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास आहे.

होडी कारागिराच्या अंगणात पाहून ताब्यात घेऊ नये. ती पाण्यात उतरवून पाहावी. रिकामी असताना ती एका बाजूला कलते का, वल्ह्यांचे खुंटे घट्ट आहेत का आणि बसल्यावर पाय टेकायला आधार मिळतो का, हे तेथेच कळते. लाकडी होडीचे सांधे आणि फायबरच्या होडीचा तळ हाताने चाचपावा. फायबरमध्ये हवेचे फुगे राहिले असल्यास तेथून पाणी झिरपते. होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी, यासाठी बाकांखाली हवाबंद कप्पे किंवा फोम आहे की नाही, हे आवर्जून विचारावे.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे खाडीत तपासलेली होडी धरणात किंचित अधिक बुडते. समजा, पाण्याच्या पातळीवर होडीचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर आहे. गोड्या पाण्यात ती आणखी एक सेंटिमीटर खाली जाण्यास ३५ किलो भार पुरतो. म्हणजे ७० किलोचा एक माणूस बसला की काठ दोन सेंटिमीटर खाली येतो. ओले जाळे, मासे आणि चार माणसे यांची बेरीज याच हिशेबाने करावी आणि लाटांसाठी काठाची पुरेशी उंची शिल्लक ठेवावी.

वाहतुकीत होडीचे खरे हाल होतात. ती शक्यतो पालथी ठेवावी आणि काठाखाली जुन्या गाद्या किंवा भाताचे काड घालावे. सुती दोर सैल पडतो, म्हणून रुंद पट्टे वापरावेत. मात्र काठ दबेल इतके आवळू नयेत. घाट चढून सपाटीवर आल्यावर आणि पुढे दर थांब्यावर पट्टे तपासावेत. होडी गाडीच्या हौद्याबाहेर लोंबकळणार नाही एवढ्या लांबीचे वाहन ठरवावे. वल्ही वेगळी बांधावीत.

कोकणच्या दमट हवेत तयार झालेले लाकूड बालाघाटाच्या कोरड्या उन्हात आकसते आणि सांधे उघडतात. त्यामुळे लाकडी होडी प्रथम काठालगत उथळ पाण्यात ठेवून फळ्या फुगू द्याव्यात. सुरुवातीचे झिरपणे बहुधा थांबते. फायबरला ही अडचण येत नाही. धरण कोरडे पडण्याची धास्ती असलेल्या प्रदेशात हा गुण महत्त्वाचा ठरतो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे विसरता येत नाही. अशा वर्षी होडी कोणतीही असो, ती सावलीत, पालथी आणि जमिनीपासून उचलून ठेवावी.

अखेरचा मुद्दा नोंदीचा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदणीचीही तरतूद केली आहे. ती कोठे करावी, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. होडीबरोबर माणशी एक जीवरक्षक जाकीट घेतले नाही, तर ही खरेदी अपुरीच म्हटली पाहिजे. जाळे फाटले तर पुन्हा विणता येते. पाण्यात गेलेला घरातला कर्ता माणूस मात्र परत येत नाही.